सिरिंज पंप विकत घेण्याआधी तो नाइटच्या सिस्टरच्या हातात द्या

सिरिंज पंप म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरवलेल्या वेगाने पेशंटच्या शिरेत ढकलणारं यंत्र. डेमोच्या वेळी तो कधी अडत नाही. कंपनीच्या माणसाची बोटं त्या बटणांवर रोज फिरत असतात, सिरिंज त्यानेच बरोबर आणलेली असते आणि टेबलावर भरपूर उजेड असतो. पुढे तोच पंप पहाटे तीनला, द्राक्षबागेत फवारणी करताना विषबाधा झालेल्या दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या उशाशी लागतो. ॲट्रोपिन या विषावरच्या औषधाचा वेग थोड्या थोड्या वेळाने बदलावा लागतो, पेशंट भ्रमात हातपाय झाडत असतो, सिस्टर एकटी तीन बेड सांभाळत असते. पंप खरा कसा आहे ते तिथे कळतं. मला ते त्याच्या आधी कळायला हवं असतं.

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज आहे. नवीन उपकरण घेण्याआधी ते आमच्याच लोकांच्या हातात देऊन तपासायचं काम माझ्याकडे असतं. ते आम्ही कसं करतो ते इथे लिहिते आहे. उदाहरण सिरिंज पंपाचं घेते, कारण आयसीयूत तोच सगळ्यात जास्त हाताळला जातो, पण पद्धत व्हेंटिलेटरपासून ग्लुकोमीटरपर्यंत कशालाही चालते. तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटललाही हे जमण्यासारखं आहे. एक रिकामा बेड, पाण्याने भरलेल्या सिरिंज, एक वही आणि एक मोकळी दुपार एवढंच लागतं.

एवढा खटाटोप कशाला, असं परचेसवाले विचारतात, तेव्हा मी त्यांना कॅनडातली एक घटना सांगते. २००६ साली एडमंटन शहरात कॅन्सरच्या एका पेशंटला फ्लुरोयुरॅसिल हे औषध बरोबर न्यायच्या छोट्या पंपातून चार दिवसांत द्यायचं होतं. वेग हवा होता ताशी १.२ एमएल. पंपावर टाकला गेला २८.८. हा आकडा हवेतून आला नव्हता. २४ तासांत जायचं औषध तेवढंच होतं आणि लेबलवर दोन्ही आकडे होते. हिशेबात २४ ने भागायचं राहिलं. दुसऱ्या नर्सनेही हिशेब तपासला होता. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि पेशंट वाचली नाही. दोन शिकलेल्या, अनुभवी नर्स एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा खड्डा बुजवायचा की नर्सला बोल लावायचा, हे आपण ठरवायचं असतं. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांशी संबंधित घटनांचे सुमारे ५६,००० अहवाल गेले. त्यानंतर २०१० मध्ये त्यांनी पंप बनवणाऱ्यांसाठी नियम कडक करायला घेतले. कारणांमध्ये सॉफ्टवेअर आणि बॅटरीबरोबर स्क्रीनची आणि बटणांची गोंधळात टाकणारी रचनाही होती.

आधी कंपनीला विचारा

वैद्यकीय उपकरण वापरायला सुरक्षित आहे की नाही हे तपासण्यासाठी आयईसी ६२३६६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१५ चं, आणि २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. कंपनीच्या माणसाला सरळ विचारा: या मॉडेलची या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, कोणावर झाली, त्यात कुठल्या चुका सापडल्या आणि त्यांचं काय केलं. एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शनात अंतिम चाचणीसाठी प्रत्येक प्रकारचे किमान १५ वापरणारे घ्यावेत असं म्हटलं आहे. नर्स वेगळ्या १५, घरी वापरणारे वेगळे १५. उत्तर मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तर तेही वहीत लिहून ठेवा.

पण त्यांची चाचणी झाली म्हणून आपली टळत नाही. त्यांनी ती त्यांच्याकडच्या सिरिंज, त्यांच्याकडचा उजेड आणि त्यांच्याकडच्या नर्स घेऊन केलेली असते.

कुठली कामं तपासायची

पंपाची सगळी बटणं तपासत बसू नका. एक प्रश्न विचारायचा: हे काम चुकलं तर पेशंटला काय होईल? ज्यांचं उत्तर वाईट आहे ती सहा-सात कामं निवडा. माझी यादी साधारण अशी असते: सिरिंज बसवून तिची कंपनी निवडणं, वेग टाकणं, चालू असताना वेग बदलणं, बोलस (एकदम द्यायची जादा मात्रा) देणं, लाइन म्हणजे औषधाची नळी बंद झाल्याचा अलार्म सोडवणं, संपत आलेली नॉरॲडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज बदलणं, आणि पेशंट हलवताना पंप बॅटरीवर नेणं.

यातल्या पहिल्या कामाकडे बहुतेक हॉस्पिटलांत कुणी बघत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. सिरिंज पंपाला एमएल कळत नाहीत. दट्ट्या किती सरकवायचा एवढंच त्याला कळतं. सिरिंजचा आतला व्यास किती हे तो आपण निवडलेल्या कंपनीच्या नावावरून धरून चालतो. समजा पंपाला वाटतंय व्यास २८ मिलिमीटर आणि प्रत्यक्षात लावलेली सिरिंज २९ ची आहे. दट्ट्या तेवढाच सरकतो, पण औषध सात टक्के जास्त जातं. नॉरॲडवर टिकून असलेल्या पेशंटचं बीपी सिरिंज बदलल्या बदलल्या वर-खाली का झालं, याचं कोडं कधी कधी इथे सुटतं. आपल्याकडे स्टोअरमध्ये या महिन्यात एका कंपनीच्या सिरिंज येतात, पुढच्या महिन्यात स्वस्त मिळाल्या म्हणून दुसऱ्या. पंपाच्या यादीत भारतातल्या सिरिंज कंपन्यांची नावं आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. नसतील तर सिस्टर यादीतलं जवळचं वाटेल ते नाव निवडून पुढे जाते. तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

बॅटरीचं काम मी यादीत घालते ते नाशिकमुळे. आपल्याकडचे काही पेशंट मुंबईला रेफर होतात. कसारा घाटात ट्रॅफिक अडकली तर ॲम्ब्युलन्समध्ये पंपाची बॅटरी किती उरली आहे हे मिनिटांत दिसतं, की नुसतं एक चित्र दिसतं ज्यात तीन रेघा आहेत? या दोन्हींत फार फरक आहे.

कोणाला बोलवायचं

आपल्याकडची सगळ्यात हुशार सिस्टर बोलवू नका. ती कुठलाही पंप चालवून दाखवेल. पाच ते आठ जण पुरतात, पण ते निवडून घ्या: नुकतीच लागलेली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), कायम नाइट करणारी एक, वॉर्डातून आयसीयूत क्वचित येणारी एक, एखादा ब्रदर (पुरुष नर्स), एक आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर). ज्यांना जवळचं दिसायला चष्मा लागतो असं एक माणूस मी मुद्दाम घेते. डेमोला बसलेलं कुणीही नको. सिंहस्थात हंगामी भरती होईल तेव्हा आपल्या पंपांना न ओळखणारे हात आयसीयूत येतील, त्यांचा विचार आत्ताच करायला हवा.

सुरुवातीला त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा आणि पाळा: परीक्षा पंपाची आहे. कोणाचं काय चुकलं हे नावानिशी कुठेही लिहिलं जाणार नाही. आमच्याकडे मी स्वतः बेडशेजारी उभी राहत नाही. इन्चार्ज समोर असली की मुली विचारतील ते सगळं 'हो मॅडम' करतात आणि जास्तच जपून हात चालवतात. नोंदी आमचा बायोमेडिकल इंजिनिअर घेतो, मी मागे पडद्याआड बसते.

प्रसंग कसा लिहायचा

"पंप चालू करून दाखवा" हा प्रसंग झाला नाही. केस पेपरवर डॉक्टर जशी ऑर्डर लिहितात तशी लिहा, त्याच अक्षरात. उदाहरणार्थ: पेशंटचं वजन ६० किलो, नॉरॲड ४ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. बरोबर उत्तर ताशी ४.५ एमएल. ते तुमच्या वहीत असू द्या, त्यांच्या कागदावर नको. पंप औषधाच्या मात्रेवरून वेग स्वतः काढतो का? काढत असेल तर वजन विचारतो की आधीच्या पेशंटचं वजन तसंच धरून ठेवतो? ४.५ मधला टिंब बेडच्या पायथ्याशी उभं राहून दिसतो का, की ४५ वाटतं?

आता नाइट आणा. मोठे दिवे बंद करा. हातात ग्लोव्हज घालायला लावा. शेजारच्या मॉनिटरचा अलार्म चालू ठेवा. आणि नेमका आकडा टाकताना अडथळा आणा. आमचे एक मामा (वॉर्डबॉय) हे काम मनापासून करतात. मध्येच येऊन विचारतात, "सिस्टर, सीटीला कुठला पेशंट घ्यायचाय?" किंवा कोणी नातेवाईक होऊन म्हणतं, "ताई, आमच्या आईला पाणी देऊ का?" खऱ्या ड्युटीत हे दर पाच मिनिटांनी होतं. ते वगळून केलेली चाचणी मला अपुरी वाटते.

सुरक्षेचं एक सांगून ठेवते. चाचणीच्या प्रत्येक सिरिंजवर मोठ्या अक्षरात 'पाणी, चाचणीसाठी' लिहा. लाइन बादलीत सोडा. हे सगळं खऱ्या पेशंटपासून दूरच्या खोलीत करा, आणि संपल्यावर सिरिंज मोजून टाकून द्या.

बघायचं कसं

गप्प बसून. हा सगळ्यात अवघड भाग आहे. हात अडला की आपल्याला सांगावंसं वाटतं, "अगं, खालचं बटण." सांगू नका. दोन-तीन मिनिटं अडू दे. खऱ्या बेडवर तुम्ही शेजारी नसणार.

चूक झाली एवढंच लिहू नका. हात कुठे थांबला, चुकीचं बटण दाबून कुठे परतला, अलार्म न वाचता कुठे बंद केला, कुणी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे कधी बघितलं, हे सगळं लिहा. थोडक्यात सावरलेली चूक सुटलेल्या चुकीइतकीच महत्त्वाची. लिहिताना वाक्य यंत्राबद्दल असू द्या. 'सिस्टरने घाई केली' यातून काहीच दुरुस्त करता येत नाही. 'शून्याची कळ एकदा दाबल्यावर दोनदा लागली' यातून येतं. व्हिडिओ काढायचा तर परवानगी घेऊन, फक्त हातांचा आणि स्क्रीनचा.

आमच्याकडच्या एका चाचणीतलं सांगते. पंप दिसायला देखणा होता, रंगीत स्क्रीन, सगळ्यांना आवडला होता. प्रसंग होता चालू असताना वेग बदलण्याचा. ब्रदरने नवा आकडा टाकला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून वळला. नव्या आकड्याला काही सेकंदांत पुन्हा एक बटण दाबून मंजुरी द्यायची होती. ती मिळाली नाही म्हणून पंपाने एक बारीक आवाज केला आणि जुना वेग परत लावला. ब्रदर फोन ठेवून पुढच्या कामाला गेला. विचारल्यावर म्हणाला, "वेग वाढवलाय ना मी." पुढे आणखी दोघांचं तेच झालं. ॲट्रोपिनच्या पेशंटवर हे झालं असतं तर औषध कमी पडत राहिलं असतं आणि केस पेपरवर वाढवल्याची सही असती. तो पंप आम्ही घेतला नाही.

संपल्यावर "कसा वाटला?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, "इथे तुमचा हात थांबला होता, तेव्हा मनात काय होतं?" खरी माहिती त्या उत्तरात असते. दहा प्रश्नांची, १०० पैकी गुण देणारी एक प्रश्नावली जगभर वापरतात, त्यात सरासरी ६८ च्या आसपास धरतात. दोन पंपांत कुठला सोपा वाटतो हे त्यातून कळतं, म्हणून मीही भरून घेते. पण सुरक्षेचा निर्णय मी त्यावर कधीच घेत नाही. वर सांगितलेल्या पंपाला ब्रदरने भरपूर गुण दिले होते.

अलार्म वेगळा तपासा

लाइनला क्लॅम्प लावा, वेग ताशी १ एमएल ठेवा आणि घड्याळ बघा. इतक्या कमी वेगाला लाइन बंद झाल्याचा अलार्म वाजायला बरीच मिनिटं जातात, काही वेळा अर्ध्या तासाहूनही जास्त. तेवढा वेळ पेशंटला औषध मिळत नसतं आणि पंप 'चालू' दाखवत असतो. दाबाची मर्यादा कमी करता येते का, ती कुठे दडलेली आहे, ते बघा. मग त्याहून महत्त्वाचं: अलार्म वाजल्यावर तुमची सिस्टर काय करते? बहुतेक जण आधी क्लॅम्प उघडतात, आणि लाइनमध्ये दाबून साचलेलं औषध एकदम पेशंटमध्ये जातं. आधी तो दाब पेशंटपासून दूर सोडायचा असतो. स्क्रीन हे सांगते का? काही पंप दाब स्वतः मागे घेतात. त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी मी ते मागते.

व्हेंटिलेटर तपासताना ऑक्सिजनचा दाब पडल्याचा प्रसंग आम्ही न चुकता घेतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये टाकीतून झालेल्या गळतीमुळे दाब पडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. या शहरातल्या कुठल्याही आयसीयूला तो दिवस विसरता येणार नाही. त्या दिवसाचं कारण मशीनच्या स्क्रीनमध्ये नव्हतं, हे मला माहीत आहे. पण असा अलार्म वाजला की तो बाकीच्या दहा अलार्मपेक्षा वेगळा ओळखू येतो का, आणि सिलिंडरवर घ्यायला किती वेळ लागतो, हे मला माझ्या लोकांच्या हातून मोजलेलं हवं असतं.

हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या डीफिब्रिलेटरचं एकच सांगते. सिंक (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवून देण्याची सोय) चालू राहिलेलं असेल आणि पेशंट व्हीएफमध्ये असेल, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असेल, तर मशीन शॉक देण्यासाठी ठोका शोधत थांबून राहतं. काही मॉडेल प्रत्येक शॉकनंतर सिंक आपोआप बंद करतात, काही करत नाहीत. एका हॉस्पिटलात दोन्ही प्रकार ठेवू नका.

चुका सापडल्यावर

किती जणांचं चुकलं यावर भांडू नका. सहापैकी एकाचं चुकलं पण त्याने पेशंट जाऊ शकतो, तर ते पहिल्या क्रमांकावर. पाच जण अडले पण नुसता वेळ गेला, ते खाली.

उपायांचा क्रमही ठरलेला आहे. आधी चूक होऊच नये अशी व्यवस्था, मग ती झाली तर अडवणारी, आणि सगळ्यात शेवटी सूचना, स्टिकर, ट्रेनिंग. आपण नेमकं उलटं करतो; पंपावर चिकटपट्टी लावून त्यावर स्केचपेनने लिहितो आणि मोकळे होतो. सिरिंजच्या गोंधळावर आमचा उपाय असा झाला: स्टोअरने ५० एमएलची एकच कंपनी ठेवायची, आणि बायोमेडिकलने पंपाच्या यादीतून बाकीची नावं काढून टाकायची. आता निवडायलाच काही उरलं नाही. तसंच मात्रेची जी एककं आम्ही वापरत नाही ती बंद केली आणि नॉरॲड, इन्सुलिन, पोटॅशियम यांना पंपातच वरची मर्यादा घातली. हे बदल कंपनी करून देणार की नाही, ते ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या. पैसे दिल्यावर हे मागणं जड जातं.

घरी जाणारी उपकरणं

इथे वापरणारा माणूस वेगळा, म्हणून चाचणीला बसणारा माणूसही वेगळा. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे बहुतेक बाटल्या एका एमएलला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एमएलला १०० युनिट, आणि त्या मापाची सिरिंज नारंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट.

डिस्चार्जच्या वेळी "समजलं का?" असं विचारून काही कळत नाही. सुरगाण्याहून आलेले आजोबा मान हलवतात, कारण त्यांना गाडी गाठायची असते. त्यांच्यापुढे दोन्ही सिरिंज, पाण्याची बाटली ठेवा आणि म्हणा, "बाबा, उद्या सकाळी घरी जसं कराल तसं आत्ता करून दाखवा." चष्म्याशिवाय, खोलीत जसा उजेड असतो तसा. सून देणार असेल तर सुनेला बसवा. नेब्युलायझर, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सगळ्यांना हेच.

घेतल्यानंतर

वापरताना उपकरणामुळे काही झालं, मोठं किंवा किरकोळ, तर ते मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाला कळवा. ६ जुलै २०१५ ला सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. डॉक्टरच नव्हे, सिस्टर, बायोमेडिकल इंजिनिअर आणि पेशंटसुद्धा कळवू शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. कळवताना चाचणीच्या वहीतली भाषा वापरा: कुठली स्क्रीन होती, कुठलं बटण, काय दिसलं, काय झालं. मॉडेल आणि सिरियल नंबर आधी लिहून घ्या, पंप सर्व्हिसला गेला की ते मिळायला वेळ लागतो.

आणि सर्व्हिसहून परत आलेल्या पंपावर लक्ष ठेवा. सॉफ्टवेअर बदललं किंवा बोर्ड बदलला की बऱ्याचदा सगळ्या सेटिंग कारखान्यातल्यासारख्या होतात. काढून टाकलेली सिरिंजची नावं परत येतात, दाबाची मर्यादा वर जाते, औषधांची वरची मर्यादा पुसली जाते. आमच्याकडे परत आलेल्या पंपाला लाल दोरा बांधून तो बायोमेडिकलच्या टेबलावरच ठेवतात. सेटिंगचा कागद जुळवून, पाण्याच्या सिरिंजने ४.५ चा वेग चालवून, क्लॅम्पचा अलार्म वाजवून बघितल्यावरच दोरा सुटतो आणि पंप आयसीयूत येतो.